नाव कमी कोणी केले?

गावात जमिनीचा एक गुंठा जरी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जायचा असला, तरी महसूल खाते तो गुपचूप जाऊ देत नाही. तलाठी (शासनाने त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी हे नाव दिले आहे, गाव अजून तलाठीच म्हणते) फेरफार धरतो, त्याची प्रत चावडीवर लावतो आणि ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे त्यांना नोटीस काढतो. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर तिची वेगळी नोंद, मग सुनावणी, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. त्यावरही अपील आहेच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये कलम १५० खाली यातले बरेचसे लिहून ठेवले आहे. या पद्धतीत लबाड्या होत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. नोटीस न बजावताच बजावल्याचे दाखवल्याचे किस्से प्रत्येक गावात मिळतील. पण तशी लबाडी झाली हे ओरडून सांगता येते, कारण नोटीस द्यायलाच हवी होती हे सर्वांना ठाऊक असते.

आता त्याच गावातल्या एका विधवा बाईचे संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये बंद होतात, तेव्हा काय होते ते पाहा. चावडीवर काही लागत नाही. घरी कागद येत नाही. बाई बँकेत पासबुक भरून घ्यायला जाते तेव्हा दोन महिन्यांची ओळ रिकामी दिसते. बँकेतला माणूस म्हणतो, तहसीलला जा. तहसीलमधला बाबू म्हणतो, आधार सीडिंग बघून या. सेवा केंद्रातला पोरगा स्क्रीनवर काहीतरी वाचतो आणि सांगतो, "मावशी, केवायसी दिसतीय, पण वरूनच बंद झालंय." त्या 'वर'चा पत्ता त्यालाही माहीत नसतो.

पुढची पाने या दोन प्रकारांमधल्या तफावतीविषयी आहेत. विषयाचे पुस्तकी नाव मोठे आहे: सार्वजनिक सेवांतील सामाजिक साहाय्य, त्यात शिरलेली कृत्रिम बुद्धिमत्ता आणि तिला पुरवल्या जाणाऱ्या माहितीचा पारदर्शक कारभार. नाव ऐकून हा मुंबई-बंगळूरच्या लोकांचा विषय वाटेल. माझे म्हणणे असे की तो वैजापूरसारख्या तालुक्याचा विषय आधी आहे, कारण ज्यांच्यावर हे प्रयोग होतात ती माणसे इथे राहतात.

वैजापूर हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा पश्चिमेचा टोकाचा तालुका. एका बाजूला नाशिक जिल्ह्यातले येवला-नांदगाव, दुसऱ्या बाजूला अहिल्यानगरचे कोपरगाव-श्रीरामपूर. दक्षिणेला गोदावरीच्या काठची गंगथडी, तिथे थोडेफार कालव्याचे पाणी. वर शिऊर-लोणीकडे मका, कापूस, कांदा आणि आभाळाकडे डोळे. तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, त्यावरून मुंबई काही तासांवर आली आहे. पण पाऊस हुकलेल्या वर्षी घरातली कर्ती माणसे कामासाठी बाहेर पडतात आणि मागे राहतात म्हातारी माणसे, लहान पोरे आणि त्यांच्या नावाचे अनुदान. अशा घरात दीड हजार रुपये म्हणजे महिन्याचा किराणा, औषध आणि लाइट बिल. ते एकदम थांबले तर घर उसनवारीवर जाते.

याच तालुक्यातल्या शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे. सतराव्या शतकातल्या या बाईने आपली हकीकत आपल्याच तोंडाने अभंगांत सांगून ठेवली. आज निराधार योजनेच्या अर्जात बाईची हकीकत रकान्यांत मावते: वय, जात, उत्पन्न, आधार, खाते क्रमांक, प्रवर्ग, शेरा. तिच्याबद्दलचा निर्णय या रकान्यांवर होतो, म्हणून ते कोणी भरले, त्यात चूक कुठे शिरली आणि ती दुरुस्त कशी करायची हे तिला कळणे अगदी पोटापाण्याचे आहे.

सरकारी कामात 'एआय' आले म्हणजे नेमके काय आले? वर्तमानपत्रातले वर्णन बाजूला ठेवले तर तीन कामे उरतात. एक, वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या एकमेकींशी जुळवणे: रेशनकार्ड, वाहन नोंदणी, आयकर, पेन्शन, जमीन. दोन, माणूस तोच आहे का हे चेहरा किंवा अंगठा पाहून ठरवणे. तीन, अंदाज बांधणे: हा अर्ज संशयास्पद दिसतो, हे मूल कुपोषणाकडे चालले आहे, अशा प्रकारचे. आपल्याकडे आज पहिली दोन कामे जोरात आहेत. तिसऱ्याची सुरुवात आहे. पुष्कळदा ज्याला एआय म्हणून मिरवले जाते ती साधी जुळवाजुळवच असते. पण अनुदान बंद झालेल्या बाईला त्या नावाने फरक पडत नाही, म्हणून मीही इथे नावाचा वाद घालत नाही.

जुळवाजुळवीत घोळ कुठे होतो हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. आधारवर 'सुनीता', बँकेत इंग्रजीतून 'सुनिता', रेशनकार्डावर 'सुनिताबाई'. नवऱ्याचे नाव एका ठिकाणी 'भाऊसाहेब', दुसऱ्या ठिकाणी 'भाऊ साहेब', तिसऱ्या ठिकाणी नुसते 'भाऊ'. खाते लग्नाआधी येवल्याला उघडलेले, म्हणून त्यावर माहेरचे आडनाव. मुसलमान घरांत 'शेख' कधी नावाआधी, कधी नंतर, कधी 'शे.' एवढेच. माणूस हे सगळे क्षणात ओळखतो. संगणकाचा कार्यक्रम त्याला गुण देतो: ही दोन नावे शंभरपैकी इतकी जुळली. मग कोणीतरी एक रेषा आखलेली असते, इतक्या गुणांच्या वर ती एकच व्यक्ती समजायची. रेषा खाली आणली तर दोन वेगळ्या बायका एकच ठरतात आणि एकीची मोटार दुसरीच्या डोक्यावर येते. रेषा वर नेली तर दोनदा लाभ घेणारा सुटून जातो. यंत्राला ही रेषा सुचत नाही, ती माणूस ठरवतो. ठरवणारा कोण, त्याने ती कुठे आखली, आणि आखण्याआधी चार गावांत जाऊन चूक किती होते हे पाहिले का? पारदर्शकता म्हणायची तर तिची सुरुवात या प्रश्नांपासून होते. समजा, शंभरात एकच चूक होते. एक लाख नावांमागे ती हजार घरे झाली.

ही भीती कल्पनेतली नाही. एके काळी वैजापूर ज्या हैदराबाद राज्यात होते, त्याच्या राजधानीत, हैदराबाद शहरात, ती खरी ठरली. तेलंगण सरकारने 'समग्र वेदिका' नावाची यंत्रणा उभी केली. ती वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून एका कुटुंबाचे चित्र तयार करते. त्या आधारे रेशनकार्डे रद्द झाली. एका सायकलरिक्षा चालवणाऱ्याच्या घरचे कार्ड गेले, कारण नावात साम्य असलेल्या दुसऱ्याच कोणाची मोटार त्याच्या नावावर धरली गेली होती. त्याच्या बायकोला ते धान्य परत मिळवायला वर्षे गेली, कोर्टाची पायरी चढावी लागली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करायला सांगितले. म्हणजे ज्या घरभेटी टाळण्यासाठी यंत्र आणले, त्याच घरभेटी शेवटी कोर्टाच्या आदेशाने कराव्या लागल्या. हरियाणात कुटुंब ओळखपत्राच्या नोंदीत एक १०२ वर्षांचे आजोबा मृत ठरले आणि त्यांचे पेन्शन थांबले. त्यांनी २०२२ मध्ये रोहतकला वाजतगाजत स्वतःची वरात काढून आपण जिवंत असल्याचे सरकारला दाखवले. हसू येते, पण प्रत्येक म्हातारा वरात काढू शकत नाही.

महाराष्ट्राचे ताजे उदाहरण सर्वांच्या घरातले आहे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जून २०२४ च्या अखेरीस जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईला महिना दीड हजार. निवडणूक तोंडावर होती, अर्ज भराभर भरले गेले आणि तेवढ्याच भराभर मंजूर झाले. मग पडताळणी सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्री अदिती तटकरे यांनी पाच लाख नावे वगळल्याचे सांगितले. त्यांत २ लाख ३० हजार बायका संजय गांधी निराधार योजनेच्याही लाभार्थी होत्या. जुलै २०२५ मध्ये आकडा २६ लाख ३४ हजारांवर गेला. एवढ्या जणांचा लाभ तात्पुरता थांबवला, असे जाहीर झाले. १४ हजारांहून अधिक पुरुषांनी 'बहिणी'चे पैसे उचलल्याचेही त्याच सुमारास बाहेर आले.

पुरुषांनी पैसे उचलले असतील तर ते शोधायलाच हवेत, त्यात दुमत कशाला? करदात्याच्या पैशावर डल्ला मारणारा पकडला गेला तर यंत्राचे कौतुकच करावे. प्रश्न त्या २६ लाखांतल्या बाकीच्यांचा आहे. त्यांतल्या किती खरोखर अपात्र, किती नावाच्या घोळात अडकलेल्या, हे बाईला स्वतःपुरते तरी कळायला हवे होते. तिला कळले ते एवढेच, की हप्ता आला नाही.

पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्यांना ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बाईबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार मागितला होता. ज्यांना नवरा नाही आणि वडीलही नाहीत, त्यांची पंचाईत झाली, आणि त्यांच्यासाठी अंगणवाडी सेविकेकडे कागद देण्याची वेगळी वाट मागाहून काढावी लागली. मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. त्याच ई-केवायसीत कुटुंबात सरकारी नोकर किंवा पेन्शनर आहे का, हे विचारणारा एक प्रश्न होता, आणि तो नकारार्थी मांडलेला होता: असे कोणी नाही, होय की नाही? आता सांगा, घरात सरकारी नोकर नसलेल्या बाईने कुठे बोट ठेवायचे? अनेकींनी सरळ मनाने 'नाही' दाबले आणि त्या कागदोपत्री सरकारी नोकराच्या घरच्या झाल्या. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचे जाहीर करावे लागले.

मला हे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. यात यंत्राची बुद्धी कमी पडली नाही, त्याने दाबलेले बटण इमानदारीने नोंदवले. कमी पडले ते एवढेच की प्रश्न राज्यभर सोडण्याआधी तो गावातल्या चार बायकांना वाचून दाखवून पाहिला गेला नसावा. एखाद्या अंगणवाडीत पंधरा मिनिटे बसले असते तरी घोटाळा लक्षात आला असता.

उत्पन्नाच्या रकान्याचे तर वेगळेच आहे. लाडक्या बहिणीला अडीच लाखांची मर्यादा, आणि निराधार योजनेत वर्षानुवर्षे वार्षिक २१ हजारांची अट. दिवसाचे सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. एवढ्यात वैजापुरात कोण जगते? जगत कोणीच नाही, म्हणून दाखला मिळवावा लागतो आणि दाखल्यावर तो आकडा येतो. सगळ्यांना माहीत असलेले हे खोटे आजवर चालून गेले, कारण तलाठी, सेविका, समिती, सगळ्यांनाच समोरची बाई गरीब आहे हे डोळ्यांनी दिसत होते. उद्या हाच दाखला यंत्रापुढे गेला आणि यंत्राने बँकेतली उलाढाल त्याच्याशी ताडून पाहिली, तर बाई लबाड ठरेल. अट बदलण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांना मात्र कोणी काही विचारणार नाही.

हंगामी कमाईचेही तसेच. कांदा काढणीच्या दोन महिन्यांत हातात चार पैसे येतात, पुढचे चार महिने कोरडे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने 'रोबोडेट' नावाच्या योजनेत लोकांची वर्षाची कमाई पंधरवड्यांत सारखी वाटून टाकली आणि त्या हिशोबाने लाखो गरिबांच्या नावावर न घेतलेले कर्ज काढले. योजना बेकायदा ठरली, पैसे परत करावे लागले, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने तिचे वाभाडे काढले. हिशोब साधा सरासरीचा होता. सरासरी काढणाऱ्याला रोजंदारी कशी असते हे माहीत नव्हते, किंवा माहीत करून घ्यायचे नव्हते.

चेहरा ओळखण्याचे काम अंगणवाडीत आले आहे. पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च २०२१ पासून सेविकांच्या हाती आहे. सुरुवातीला ते इंग्रजीत होते, दिलेले मोबाइल निकृष्ट होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी मोबाइल शासनाला परत केले होते. जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार, म्हणजे टीएचआर, देताना आईचा चेहरा जुळणे बंधनकारक झाले. आधी आधारचा ओटीपी, मग चेहरा. ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर, नवरा कामावर. नेटवर्क नसले की सेविका आईला दारात उभी करून मोबाइल घेऊन रेंज शोधत फिरते. आहाराची पिशवी समोर आहे, आई समोर आहे, मूल कडेवर आहे, आणि तिघांना जन्मापासून ओळखणारी सेविका ॲपच्या होकाराची वाट पाहते. आहाराची चोरी होत नव्हती असे नाही. पण ती चोरी ठेक्यात होते की आईच्या कडेवर, याचा विचार कॅमेरा कुठे लावायचा हे ठरवताना व्हायला हवा होता.

आणि शिव्या कोणाला? सेविकेला. ॲप करणारा दिल्लीत, याद्या जुळवणारा मुंबईत, सेविका मात्र गल्लीत राहते. जिला निर्णयाचा अधिकार नाही तिच्यावर उत्तराची जबाबदारी टाकण्याची ही रीत मला सर्वांत अन्यायाची वाटते.

हे सगळे आपल्याला नवीन आहे असेही नाही. मराठवाड्याच्या माणसाला जुन्या नोंदीची किंमत शिकवावी लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाची राजवट होती. त्या काळच्या उर्दू आणि मोडीतल्या कागदांवर आज कोण कुणबी हे ठरते आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती त्यासाठीच नेमली गेली, जुनी दप्तरे उघडली, मोडी वाचणारे शोधून आणावे लागले, आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय निघाला. मराठा आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला एवढेच दिसते की शंभर वर्षांपूर्वी कुठल्या तरी कारकुनाने भरलेला रकाना आज नातवंडा-पतवंडांचे भवितव्य ठरवतो, आणि तो रकाना पाहायला मिळावा म्हणून माणसे रस्त्यावर उतरतात. आज आपल्याबद्दल भरले जाणारे रकाने पाहण्याचा हक्क तरी आपण आजच मागावा.

कर्जमाफीने तर हा धडा राज्यकर्त्यांनाच शिकवला होता. २०१७ च्या कर्जमाफीत अर्ज ऑनलाइन घेतले, बँकांच्या याद्यांशी जुळवले, दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली आणि मग अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक असल्याचे निघाले. 'ग्रीन लिस्ट' हा शब्द तेव्हा पारावरच्या माणसालाही पाठ झाला होता: आज नाव आहे, उद्या नाही. नंतरच्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत क्रम बदलला. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी निघाली ती ६८ गावांपुरती, १५,३५८ नावांची. म्हणजे आधी थोड्या गावांत करून पाहिले. यादी गावात लागली, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळाला. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आपल्या नावापुढचा कर्जाचा आकडा स्वतः पाहायचा, पटला तर अंगठा द्यायचा, नाही पटला तर तशी नोंद करायची, आणि ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जायचे. संगणक तोच, आधार तोच. फरक इतकाच की पैसे ठरण्याआधी माणसाला आकडा दाखवला आणि नाही म्हणायला जागा ठेवली. शेतकऱ्यासाठी जमले ते निराधार बाईसाठी का जमू नये? तिच्यामागे संघटना नाही आणि तिच्या कर्जावर बँकेचे काही अडलेले नाही, याखेरीज मला तरी दुसरे कारण सापडत नाही.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मग करा सगळ्यांचे चावडीवाचन, असे म्हणणारे भेटतात. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाराचे चावडीवाचन झाले होते, चुका निघाल्या, ते चांगलेच झाले. पण सातबारा वाचणे वेगळे. निराधार योजनेच्या प्रवर्गांत विधवा आणि दिव्यांग आहेत, तशाच एड्स किंवा कुष्ठरोग झालेल्या व्यक्ती आहेत, अत्याचार सोसलेल्या स्त्रिया आहेत, देवदासी आहेत, वेश्याव्यवसायातून सोडवलेल्या स्त्रिया आहेत. हा रकाना चौकात वाचला तर त्या बाईला गाव सोडावे लागेल. म्हणून उघडे काय करायचे आणि झाकून काय ठेवायचे याची रेघ नीट आखली पाहिजे. नियम उघडे हवेत: कोणत्या याद्या जुळवल्या, किती गुण जुळले की नाव धरले, कोणत्या कारणाने गावातली किती नावे थांबली, आदेश कोणत्या अधिकाऱ्याचा, दाद कोणाकडे. बाईचे स्वतःचे कारण तिच्या हातात, तिच्या भाषेत, कागदावर, आणि तिला वाचता येत नसेल तर तिच्या विश्वासाच्या माणसाकडून वाचून दाखवलेले.

आज नेमके उलटे होऊ घातले आहे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारताना जनहिताचा विचार करण्याची अट होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ने ती काढून टाकली आणि नोव्हेंबर २०२५ पासून बदल लागूही झाला. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हणून अर्ज परत करणे सोपे झाले आहे. कलम ८(२) मधली जनहिताची खिडकी अजून आहे, पण तिच्यासाठी भांडावे लागणार. दुसरीकडे याच नव्या कायद्यात आपली माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा जो हक्क आहे, तो मुख्यतः संमती देऊन दिलेल्या माहितीपुरता. सरकारला अनुदान आणि लाभ देण्यासाठी माहिती वापरायला वेगळी संमती लागत नाही. म्हणजे मोबाइल कंपनीकडे असलेली माहिती पाहायला मागण्याची माझी बाजू भक्कम, आणि ज्या नोंदीवर माझे रेशन-पेन्शन अवलंबून आहे तिच्याबाबत लंगडी. माहिती संरक्षणाचा कायदा असा असावा हे मला पटत नाही.

तरी एक जुने हत्यार शिल्लक आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(घ) प्रमाणे आपल्या प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे प्रत्येक कार्यालयाचे कामच आहे. अर्ज आल्यावर द्यायची ही मेहेरबानी नव्हे. हा कायदा देशाला मिळण्याआधी महाराष्ट्राने आपला माहिती अधिकार कायदा केला होता, त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. त्या राज्यात कारण न देता २६ लाख हप्ते थांबावेत, हे शोभत नाही.

बाहेरच्या जगाचे थोडेच सांगतो. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपन भत्त्यात फसवणूक शोधण्याच्या नादात हजारो पालकांना चोर ठरवले गेले, त्यांत परदेशी मुळाचे लोक अधिक होते. त्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. त्याआधी २०२० मध्ये हेगच्या न्यायालयाने 'सिरी' ही संशयित शोधणारी यंत्रणा बंद केली, कारण ती कशी चालते हे सरकार सांगत नव्हते. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी आपण कुठे कुठे असे कार्यक्रम वापरतो याची नोंदवही लोकांसाठी खुली केली. युरोपच्या नव्या एआय कायद्यात सरकारी लाभाची पात्रता ठरवणारे कार्यक्रम जोखमीच्या वर्गात घातले आहेत. आपल्या तहसील कार्यालयात लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली दाखल्यांची मुदत आणि अपिलीय अधिकारी सांगणारा फलक असतो. त्याच भिंतीवर अशा नोंदवहीला जागा होईल.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकावी. एका नायब तहसीलदाराच्या टेबलावर हजारो प्रकरणे, कर्मचारी अपुरे, वरून दर आठवड्याला अहवाल. पूर्वी निराधारांचे पैसे तीन-तीन महिने बँकेच्या याद्यांत अडकत, दलाल टक्का घेत. अलीकडे डीबीटीने थेट खात्यावर येतात, ही सुधारणा मी कमी लेखत नाही. उलट माझी तक्रार अशी की यंत्राला एकाच दिशेने चालवले जाते, नावे कापायला. ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीत एका शेतमजुराचे नाव येते. रेशनकार्डावर त्याची बायको आणि दोन लहान मुले आहेत. निराधार योजनेच्या यादीत ती नाही. या तीन याद्या जुळवून 'या बाईकडे जा, तिचा अर्ज भरून घ्या' असे सेविकेला सांगणे यंत्राला अगदी सोपे आहे. यूडीआयडी कार्ड मिळालेल्या पण अनुदान नसलेल्या दिव्यांगांचेही तसेच. अपात्र शोधायला जितकी अक्कल लागते तितकीच सुटलेला पात्र शोधायला लागते. दुसऱ्या कामाचा हट्ट धरणारा अधिकारी भेटला तर मी यंत्राच्या बाजूने बोलायला तयार आहे.

पुढच्या प्रकरणांत एकेका योजनेची माहिती कुठून कुठे जाते, कोणत्या टप्प्यावर कोणती चूक होते आणि दाद कशी मागायची, हे येईल. ते सलग वाचण्याची गरज नाही. ज्याचे जे अडले असेल तेवढे वाचावे.

वाचकांना एक विनंती. आपल्या गल्लीत कोणाचे अनुदान बंद झाले तर सेवा केंद्रात तिसऱ्यांदा केवायसी करून थांबू नका. साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहून द्या आणि चार गोष्टी विचारा: कोणत्या कारणाने बंद झाले, कोणत्या खात्याच्या कोणत्या नोंदीवरून, आदेश कोणाचा, आणि अपील कोणाकडे. खाली कलम ४(१)(घ) चा उल्लेख करा. ज्या बाईला लिहिता येत नाही तिचा अर्ज तुम्ही लिहून द्या. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासकट घ्या, त्याशिवाय खिडकी सोडू नका.